निळी रेषा, लाल रेषा आणि मधला तुमचा प्लॉट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला, शहराच्या हद्दीतच, पाच गुंठ्यांचा प्लॉट बघताय. आईवडिलांसाठी घर बांधायचं आहे. एजंट म्हणतो, प्लॉट निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे, फक्त लाल रेषेत येतो, परवाना मिळतो. शेजारचे सांगतात, 2019 ला इथे कंबरभर पाणी होतं. आणि तुम्ही विचारलंय, जिथे पाणी आलं तिथे महापालिका परवाना देतेच कशी, आणि मग या रेषा काढून उपयोग काय?

मी नगररचनेच्या कामात तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी नदीकाठच्या गावांत. अशा परवान्यांच्या फायलींवर माझ्या सह्या आहेत. त्यातल्या काही घरांत पुढे पाणी शिरलेलंही मी पाहिलं आहे, तेव्हा हे उत्तर अगदी तटस्थ माणसाचं आहे असं समजू नका.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि एजंटने ते एकच करून टाकले आहेत. ‘इथे बांधता येईल का’ हा कायद्याचा प्रश्न. ‘इथे पाणी येईल का’ हा नदीचा. रेषा पहिल्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं उत्तर शेजाऱ्यांनी तुम्हाला दिलंच आहे.

आधी रेषांबद्दल. या रेषा महापालिका काढत नाही, जलसंपदा खातं काढतं. आपल्याकडे त्याचा पाया आहे पाटबंधारे खात्याचं 1989 चं परिपत्रक. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यातलं जे जास्त ते जिथवर पसरेल तिथे निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जाईल तिथे लाल. काठापासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल निर्बंधित क्षेत्र. केंद्राने 1975 साली पूरक्षेत्रांसाठी नमुना कायदा करून राज्यांना पाठवला होता. मणिपूरने 1978 मध्ये, उत्तराखंडने 2012 मध्ये आपापला कायदा केला. महाराष्ट्राचं काम परिपत्रक आणि विकास नियंत्रण नियमावली यांवरच चाललं आहे. जलसंपदाकडून आलेली रेषा नगररचना विभाग विकास योजनेच्या नकाशावर चढवतो आणि त्यापुढे परवाना द्यायचा की नाही ते नियमावली बघून ठरतं. म्हणजे रेषा एकाची, सही दुसऱ्याची. पूर आला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, ते यामुळे.

2020 च्या डिसेंबरपासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला एकच एकत्रिकृत नियमावली लागू आहे. तिच्यात निळ्या रेषेच्या आत वाहनतळ, उघडा भाजीबाजार, बाग, लॉन, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या अशा वापरांनाच जागा आहे. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासाला अटींवर मुभा आहे. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम करता येतं, मात्र जोतं (घराचा चौथरा) लाल रेषेच्या पूरपातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, वर घ्यावं लागतं. तुमचा एजंट खोटं बोलत नाही. तो अर्धंच बोलतोय.

‘100 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी लोकांची जेवढी फसगत केली तेवढी कुठल्या बिल्डरनेही केली नसेल. लोकांना वाटतं 2019 ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. त्या शब्दांचा अर्थ इतकाच की दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे. तीस वर्षं त्या घरात राहायचं म्हटलं तर एकदा तरी तो येण्याची शक्यता जाते 26 टक्क्यांवर. निळ्या रेषेचा, 25 वर्षांचा पूर घेतला तर तीस वर्षांत 70 टक्के. आणि हा हिशेब मागच्या नोंदींवर बेतलेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा 55 च्या वर गेलं. नदी काही पाळी लावून येत नाही.

आता नकाशा. एजंटने मोबाइलवर दाखवलेल्या नकाशावर विसंबू नका, पण छापील नकाशावरही डोळे झाकून विसंबू नका. 1:5000 प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. तुमच्या प्लॉटची रुंदी कदाचित पंधरा मीटर असेल. त्याचा तिसरा हिस्सा नुसत्या रेघेच्या जाडीत गेला. मी चार्ज घेतला त्या एका गावात जुन्या विकास योजनेवरची पूररेषा आणि जलसंपदाच्या मूळ नकाशावरची रेषा एका ठिकाणी अख्ख्या गल्लीएवढी सरकलेली निघाली. कुणाचा डाव नव्हता, चढवताना कागद हलला होता. पण त्या गल्लीतल्या लोकांना डावच वाटला, आणि वाटणारच. म्हणून मी नेहमी सांगतो, रेघ बघू नका, पातळी बघा. जलसंपदाकडे त्या ठिकाणच्या नदीच्या छेदाला निळ्या आणि लाल पुराची पातळी मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून मोजलेली, दिलेली असते. तिला आम्ही आर.एल. म्हणतो. तुमच्या प्लॉटचा आर.एल. सर्व्हेअरकडून लेव्हल लावून घ्या. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमच्या अंगणात लाल पुराचं पाणी किती उभं राहील ते. बंधाऱ्यावरचे फूट थेट तुमच्या दारात आणू नका. ती त्या बंधाऱ्यावरची पट्टी आहे, आणि नदीला उतार असतो.

मग महापालिका नेमकं करते काय? परवाना देणं-नाकारणं हा तिच्या हातातला सर्वांत दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत कमी परिणामाचा भाग आहे. जमिनीचा वापर खरा ठरतो तीन ठिकाणी. निळ्या पट्ट्यातल्या मोकळ्या जमिनीचं काय होतं, लाल पट्ट्यात भराव किती पडतो, आणि ओढे-नाले किती रुंद राहतात.

निळ्या पट्ट्यातली जमीन बहुतेक खासगी असते. मळीची, काळी, उसाची. शेजारच्या गटाला गुंठ्याला लाखांनी भाव आणि आपल्याला परवाना नाही, भरपाईही नाही, हे मालकाला सोसत नाही. प्लॉटचा काही भागच रेषेत असेल तर त्या भागाचा एफएसआय (किती बांधता येईल ते क्षेत्र) उरलेल्या भागावर वापरायची मुभा नियमावलीत आहे आणि ती योग्य आहे. पण पूर्ण गटच निळ्यात असेल तर त्याला काय सांगणार? तो मग गुंठ्या-गुंठ्याने स्टॅम्पपेपरवर विकतो, आणि घेणारा असतो तो ज्याला दुसरीकडे घर परवडत नाही. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावं दर पावसाळ्यात पहिल्या बातमीत असतात. तिथे राहणाऱ्यांना नदी दिसत नव्हती असं थोडंच आहे?

‘लॉन’ या एका शब्दाने मला नोकरीत जेवढा मनस्ताप दिला तेवढा कुठल्या आमदाराने दिला नाही. निळ्या रेषेत लॉनला परवानगी आहे. पहिल्या वर्षी हिरवळ आणि कापडी मांडव. दुसऱ्या वर्षी मांडवाला लोखंडी खांब, कारण वाऱ्याने पडतो. तिसऱ्या वर्षी पत्रे. चौथ्या वर्षी कडेच्या भिंती, स्वयंपाकघर आणि वधूपक्षासाठी चार खोल्या. आम्ही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस द्यायची, त्यांनी कोर्टातून स्थगिती आणायची, आणि पुढच्या मुहूर्तावर त्याच हॉलमध्ये आमच्याच कुणा सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न. जेवण चांगलं असायचं, हे कबूल करतो.

दुसरा मार्ग आरक्षणाचा. विकास योजनेत ती जमीन बाग किंवा मैदान म्हणून दाखवायची आणि संपादन करायची. कागदावर हे सर्वांत सरळ आहे. पण पैसे लागतात आणि पैसे रस्त्यांना आधी जातात. दहा वर्षांत संपादन झालं नाही की मालक कलम 127 ची खरेदी नोटीस देतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. मी पाहिलेला टिकाऊ उपाय फार साधा आहे: जमीन वापरात ठेवणं. एका गावात नदीकाठच्या नगरपालिकेच्या जागेत आठवडी बाजार हलवला. ओटे नाहीत, छत नाही, नुसती मुरमाची सपाटी आणि एक नळ. दर गुरुवारी दोन-तीनशे विक्रेते बसायचे. त्या जागेत पुढच्या पंधरा वर्षांत एक टपरीसुद्धा पक्की झाली नाही, कारण करायला गेलं की बाकीचे विक्रेतेच ओरडायचे. पूर आला की बाजार आठवडाभर दुसरीकडे. चिखल धुतला की परत.

आता तुमच्या प्लॉटशी ज्याचा सरळ संबंध आहे त्या भरावाकडे येतो. जोतं लाल पातळीच्या दीड फूट वर घ्या, असं नियम सांगतो. ते वर दोन प्रकारे घेता येतं. खांबांवर घर उचलायचं आणि खाली मोकळं ठेवायचं, किंवा अख्ख्या प्लॉटमध्ये मुरूम-माती टाकून जमीनच उचलायची. दुसरं स्वस्त वाटतं, गाडी दारात लागते, म्हणून दहातले नऊजण तेच करतात. पाच गुंठे म्हणजे 5445 चौरस फूट. पाच फूट भराव टाकला तर 27 हजार घनफुटांच्या वर, म्हणजे साधारण 272 ब्रास माती. तीन ब्रासच्या डंपरच्या नव्वद खेपा. पुराच्या वेळी जे पावणेआठ लाख लिटर पाणी तुमच्या प्लॉटवर शांत उभं राहिलं असतं ते आता दुसरीकडे जाणार. एका प्लॉटने पंचगंगेला काही फरक पडत नाही, हे खरं आहे आणि प्रत्येकजण तेच म्हणतो. पण त्या पट्ट्यात असे पाचशे प्लॉट भरले, प्रत्येकाने रीतसर परवाना घेऊन, तर पाणी मागच्या जुन्या वस्तीत चढतं. ती वस्ती कदाचित लाल रेषेच्या बाहेर असेल. तिथल्या बाईला कळतच नाही की आपल्या उंबऱ्याला तीस वर्षांत न लागलेलं पाणी यंदा का लागलं.

परवाना एका प्लॉटचा तपासला जातो आणि पाणी सगळ्या पट्ट्याचा हिशेब करतं, ही या व्यवस्थेतली मूळ खोट आहे असं माझं मत आहे. माझ्यासमोर येणाऱ्या फायलीत जोत्याची उंची असायची, भरावाचं घनफळ कधीच नसायचं. जोते तपासणीला माणूस जायचा तो जोतं बघून यायचा, आजूबाजूची माती कुणी मोजत नसे. मी एकदा एका मोठ्या लेआउटला अट घातली होती की भराव फक्त इमारतीच्या खाली, बाकी जमीन आहे त्या पातळीला. अट वरच्या कचेरीत टिकली नाही. नियमावलीत कुठे लिहिलंय ते दाखवा, असा शेरा आला. तो शेरा चुकीचा नव्हता, आणि तेच दुखणं आहे.

पात्र अरुंद झालं की काय होतं याचं अलीकडचं उदाहरण पुण्याचं. मुठेची निळी रेषा 60 हजार क्युसेकच्या हिशेबाने आहे. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेक सोडलेले असताना सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी घुसलं. धरणाच्या खालच्या भागातला पाऊसही त्यात मिसळला होता, पण तरीही हिशेब जुळत नाही. रेषा काढली त्या दिवशीच्या पात्राची ती रेषा असते. नंतर काठाला राडारोडा पडतो, पूल होतात, भिंती होतात, आणि नकाशावरची रेषा जागची हलत नाही.

तिसरी गोष्ट नाल्यांची, आणि कोल्हापुरात ही फार मोठी आहे. तुम्ही नदीपासूनचं अंतर विचारलंय. पाणी बहुतेक वेळा नदीच्या बाजूने येतच नाही, मागून येतं. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचं पाणी नाल्यात उलटं चढायला लागतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क इथले लोक नदीकाठी राहतात असं कोण म्हणेल? पण फुगवटा तिथवर जातो. म्हणून प्लॉटपासून जवळचा ओढा कुठे आहे, तो बंदिस्त गटार झालाय का, त्यावर स्लॅब टाकून दुकानं झाली आहेत का, हे नदीच्या अंतराइतकंच महत्त्वाचं. हे काम मात्र पूर्णपणे महापालिकेच्या हातात आहे. नाल्याची मूळ रुंदी सिटी सर्व्हेच्या नकाशावर असते. तिच्याप्रमाणे नाला राखला तर निम्मं भांडण मिटतं.

महापालिकेच्या हातात काय नाही, तेही सांगतो, म्हणजे राग योग्य जागी जाईल. कोल्हापूर महापालिका 1972 ची आणि हद्द तेव्हापासून जवळपास तेवढीच. नदी मात्र हद्दीबाहेरून येते. भोवतालच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळं प्राधिकरण झालं, त्यापलीकडे ग्रामपंचायती. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव आहे, तो रस्ता 2019 ला आणि 2021 ला बंद पडला, आणि त्या भरावाला कमानी किती ठेवायच्या हे महापालिकेला कुणी विचारत नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायलाही आयुक्तांची सही लागत नाही.

काहीजण म्हणतात, मग सरळ माणसं हलवा. चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट मिळाले होते. तरी 2019 ला चिखलीतून माणसं बोटीने काढावी लागली. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो. पण शेत इथे, गोठा इथे, म्हशीची धार पहाटे काढायची, आणि घर चार-पाच किलोमीटरवर? ज्यांनी पुनर्वसनाचा नकाशा काढला त्यांनी घर मोजलं, गोठा मोजला नाही. मीही असे नकाशे काढले आहेत.

इथवरचं थोडक्यात: लाल पट्ट्यात परवाना मिळतो तो ‘पाणी येईल हे धरून बांधा’ या अटीवर. अट तुमचं जोतं सांभाळते, बाकी काही नाही.

आता तुम्ही काय करावं. प्लॉट न बघता ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ म्हणणं बरोबर नाही, कारण सगळं पातळीवर आहे. लाल पातळी तुमच्या जमिनीपेक्षा दोन-अडीच फुटांनीच वर असेल, तर साधा उंच जोत्याचा विचार करता येईल. कंबरभर पाण्याची गोष्ट खरी असेल तर ती तीन-सव्वातीन फूट तर झालीच, आणि वर नियमाचा दीड फूट. म्हणजे घर पाच फूट उचलावं लागेल, आणि तेही मी खांबांवरच उचला म्हणेन. सौद्याआधी महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, जलसंपदाच्या कार्यालयातून त्या गटाची पूरपातळी लेखी मागा, लेआउट मंजूर आहे का ते बघा. नुसता एनए (बिगरशेती) आहे म्हणजे पूररेषा बघितली गेली, असं धरू नका. जुन्या घरांच्या भिंतींवर 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा अजून असतात. सर्व्हेअरला त्या खुणेवरही लेव्हल धरायला सांगा. दोनशे रुपये जास्त मागेल, द्या. आणि एजंटला ‘लाल रेषेत’ हे शब्द खरेदीखतात लिहायला सांगून बघा, भाव तिथेच थोडा उतरेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. आईवडिलांचं वय सत्तरीच्या पुढे आहे असं लिहिलंय. घर पाच फूट उचललं तर दारात दहा पायऱ्या येतील. आणि घर कोरडं राहिलं तरी समोरचा रस्ता पाण्याखालीच असणार, वीज कापलेली असणार. चौथ्या दिवशी बीपीची गोळी संपली तर? प्लॉटपासून उंचावरच्या पक्क्या रस्त्यापर्यंत चालत जा आणि वाटेत सर्वांत खोलगट जागा कुठे लागते ते बघा. त्या जागेचा आर.एल.ही सर्व्हेअरकडून घ्या. तीन आकडे झाले की इथे टाका: लाल पातळी, प्लॉट, आणि तो खोलगट रस्ता. मग खांब किती उंच आणि घ्यायचा की नाही, यावर नीट बोलू.